मुरमावरचा तरवड

आमच्या सोसायटीच्या जाहिरातीत 'टेकडीच्या कुशीत' असं छापलं होतं. टेकडीची कूस पोकलेनने खरवडल्यावर इमारतींना जागा झाली, हे अर्थातच छापलं नव्हतं. मागच्या बाजूला आता उरलाय तो एक उभा काप. वर वीतभर माती, तिच्याखाली तांबूस-पिवळट मुरूम, त्याच्याखाली काळा पाषाण. पायथ्याशी बांधकामाचा राडारोडा: सिमेंटचे गठ्ठे, फरशीचे तुकडे, प्लास्टिकच्या गोण्या. मे महिन्यात दुपारी तिथल्या दगडावर हात ठेववत नाही. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि या उतारावरून तोही घसरून गटारात जातो. उरलेले आठ महिने इथल्या झाडाने काय प्यायचं, हा प्रश्न कुदळ हातात घेण्याआधी पडायला हवा. आमच्याकडे तो कुणाला पडत नाही. टँकर मागवला जातो.

दरवर्षी पाच जूनच्या आगेमागे या उतारावर वृक्षारोपण होतं. फ्लेक्स लागतो, पोरं टोप्या घालून येतात, फोटो निघतात. रोपं कुठली, तर नर्सरीवाल्याने स्वस्तात दिलेली: गुलमोहर, सोनमोहर, रेनट्री, क्वचित एखादा वड, ज्याला त्या कपारीत पाय पसरायला जागाच नाही. 2019 साली राज्याने 33 कोटी वृक्षलागवडीचं उद्दिष्ट ठेवलं होतं. आपल्याला झाडं मोजायची सवय लागली ती अशी. खड्डे किती, रोपं किती, जगली किती टक्के. रोपावर कोण येऊन बसलं, याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो.

माझं म्हणणं त्या रकान्यापुरतंच आहे. कठीण जागेवर झाड लावायचं असेल तर जागा सुधारायच्या मागे लागू नये. त्या जागेवर ज्यांचं पूर्वीपासून भागत आलंय, त्यांना परत बोलवावं. आणि झाड जगलं की नाही हे त्याच्या उंचीवरून ठरवू नये, त्याच्याकडे पाहुणे किती येतात त्यावरून ठरवावं.

असं भागवून राहणाऱ्यांत माझा सगळ्यात लाडका तरवड. पुण्याहून सोलापूरकडे निघा किंवा फलटण-दहिवडीकडे वळा, रस्त्याच्या कडेला माणसाच्या कमरेएवढी पिवळीधमक झुडपं दिसतात. कुणी लावलेली नसतात, कुणी पाणी घातलेलं नसतं, शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत. पूर्वी याची साल कातडी कमावायला जायची. तेलंगणात बतुकम्मा सणातल्या फुलांच्या रचनेत तरवडाला मान असतो. आपल्याकडे मात्र त्याच्यावरून नजर न थांबता पुढे जाते. नर्सरीत तरवड मागितला तर 'ते रानटी' असं उत्तर मिळतं.

पण पाऊस ओसरल्यावर एखाद्या सकाळी तरवडाच्या झुडपापाशी उकिडवं बसून पाहा. फूल मोठं, पाच पाकळ्यांचं, पिवळं. मध थेंबभरही नाही. देण्यासारखं आहे ते परागकण, आणि तेही उघड्यावर ठेवलेले नाहीत. या फुलाचे परागकोश टोकाला बारीकशा भोकाने उघडतात. आपली सातेरी मधमाशी तिथे येते, घुटमळते, पाकळीवर सांडलेलं काही मिळालं तर उचलते आणि निघून जाते, कारण त्या भोकातून पराग काढायची विद्या तिच्याकडे नाही. मग काळा, निळसर झाक मारणारा, अंगठ्याच्या पेराएवढा भुंगा येतो. लाकूड पोखरून राहणारा, ज्याला बघून बायाबापड्या 'चावेल गं' म्हणून मागे सरतात, तोच. तो फुलाला मिठी मारतो, पंख मिटून स्थिर होतो आणि छातीचे स्नायू थरथरवतो. त्याच्या उडण्याच्या गुणगुणीपेक्षा हा आवाज वेगळा, चढ्या पट्टीतला, तुटक असतो. त्या कंपनाने परागकोशातून धुरळा उडावा तसे पराग बाहेर पडतात. मधल्या आखूड पुंकेसरांतले पराग म्हणजे भुंग्याचा खाऊ. खालच्या बाजूने वर वळलेल्या लांब पुंकेसरांतले त्याला हात न लागणाऱ्या जागी, अंगाच्या मागल्या भागावर माखतात. ते पुढच्या फुलासाठी. एकाच फुलाच्या घरात पाहुण्याचं ताट वेगळं आणि टपालाची पिशवी वेगळी.

निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, मधमाशीएवढीच पण जास्त चपळ अशी एक रानमाशी आहे, तिलाही ही विद्या येते. वांगी आणि टोमॅटो यांची फुलंही अशीच टोकाला भोक असलेली, थरथरवून उघडायची. म्हणजे बांधावर तरवड असेल, तर वांग्याच्या वाफ्यात येणारी मजूर मंडळी शेजारीच राहतात. बांध कोरून, फवारून, 'स्वच्छ' केला की ती मंडळी गाव सोडतात आणि मग वांगी वेडीवाकडी का धरतात, म्हणून आपण औषधाच्या दुकानात चौकशीला जातो.

रुईचंही तसंच. राडारोड्यावर सगळ्यात आधी रुई उगवते. आमच्या सोसायटीच्या समितीतल्या एका काकांना ती खपत नाही: चीक डोळ्यांत जाईल, पोरं खेळतात. चीक घातक आहे हे खरं आणि डोळ्यांना जपावं हेही खरं. पण शनिवारी मारुतीला माळ घालायला पानं त्याच झुडपाची लागतात, तेव्हा तक्रार नसते. रुईच्या फुलावर तोच मोठा भुंगा येतो. या फुलाचे पराग सुटे नसतात. मेणचट गोळ्यांची जोडी असते आणि ती भुंग्याच्या पायाला चिमट्यासारखी अडकून दुसऱ्या फुलाकडे जाते. पानाची खालची बाजू उलटून बघितली तर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सुरवंट सापडतो. प्लेन टायगर नावाच्या केशरी फुलपाखराचं ते लेकरू. पान खायला बसण्याआधी तो पानाची शीर किंवा देठ कुरतडून ठेवतो. चीक तिथेच वाहून जातो, मग पुढचा भाग निवांत खाल्ला जातो. रुईतलं जे विष पोटात जातं ते तो जमवून ठेवतो, म्हणून फुलपाखरू झाल्यावरही पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. हे सगळं नाट्य आम्ही 'वीड' म्हणून वर्षातून दोनदा ग्रास कटरने छाटतो.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी की देशी-परदेशी हा हिशेब दिसतो तितका सरळ नाही. भर उन्हात आमच्या उतारावर सगळ्यात जास्त फुलपाखरं दिसतात ती एकदांडीवर, आणि ती मूळची अमेरिकेतली. घाणेरीवरही गर्दी असते, तीही तिकडचीच. फेब्रुवारीत पुण्याच्या टेकड्यांवर उंदीरमारी गुलाबी फुलते, म्हणजे वनखात्याने लावलेली ग्लिरिसिडिया. तेव्हा ती खरोखर देखणी दिसते आणि माश्याही तिच्याकडे जातात. मग बिघडलं कुठे? बिघडलं ते पुढच्या पिढीच्या जेवणात. फुलपाखराला मध कुठलाही चालतो. अंडी मात्र ते ठरलेल्या झाडांवरच घालतं. रुईकुळातलं झाड नसेल तर एकदांडीचा कितीही मध प्यायलेली प्लेन टायगरची मादी शेवटी रिकामीच हिंडते. आणि उंदीरमारीच्या दाट झाडोऱ्याखाली मारवेल, कुसळी यांसारखी गवतं धरत नाहीत, पावसाळी फुलं उगवत नाहीत. टेकडी वरून हिरवी, आतून ओसाड. एकदांडी उपटत बसायला मी जात नाही, ती कुणाच्या बापाला उपटून संपायची नाही. पण नवीन काही लावायचं तर माझ्या पैशाने आणि माझ्या घामाने उंदीरमारी लावणार नाही.

मियावाकीचंही थोडं बोलायला हवं, कारण आमच्या समितीत हल्ली त्या शब्दाला मंत्राची कळा आलीय. अकिरा मियावाकी हे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्या पद्धतीचा पायाच असा की जागेवर माणसाने हात लावला नसता तर तिथे काय उगवलं असतं, ते आधी ओळखायचं. आपल्याकडे पद्धत आली आणि पाया वाटेत गळाला. उरलं ते जेसीबीने खोल खणायचं, कोकोपीट-शेणखत भरायचं, फुटाफुटावर रोपं कोंबायची आणि दोन-तीन वर्षं पाणी मारायचं. दख्खनच्या पठारावरच्या या मुरमाड टेकड्या मुळातच मोकळ्या आहेत. गवत, काटेरी झुडपं, मधेच एखादा हिवर, एखादा सालई, पळसाची ओळ. सरकारी दप्तरात अशा जमिनीला पडीक म्हणतात. तिच्यावर गर्द वन उभं करणं म्हणजे तिच्या माथी दुसऱ्याचं रूप मारणं. रोपं जगतातही, पाणी चालू असेपर्यंत. पण माळावरच्या टिटवीला, चंडोलाला, जमिनीत बिळं करून राहणाऱ्या माश्यांना त्या अंधारात काय काम?

मग लावायचं काय? मी ते झाडांच्या यादीतून ठरवत नाही, महिन्यांतून ठरवतो. वर्षाच्या बारा महिन्यांत पाहुण्यांना कुठे ना कुठे पान वाढलेलं असलं पाहिजे. उन्हाळ्याची चिंता नसते. आपली देशी झाडं पानं झाडून, जमिनीत ओल नसताना फुलतात, हे आश्चर्य मला अजूनही पुरतं उमगलेलं नाही. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर पेटतात आणि त्यांच्यावर मैना, बुलबुल, शिंजीर यांची नुसती झुंबड असते. सोनसावर निष्पर्ण फांदीवर पिवळी जर्द फुलं काढते, तीही अशा खडकावर जिथे आपल्याला उभं राहायला पायाची पकड शोधावी लागते. उतारावरच्या घळीत धायटीची लाल फुलं हिवाळ्यापासूनच लागलेली असतात. चैत्र-वैशाखात कडुनिंब, करंज, बहावा. करंजाखाली त्या दिवसांत उभं राहिलं तर झाडच घुमतंय असं वाटतं.

खरी अडचण असते भर पावसात. मोठी झाडं फुलून गेलेली, गवतावरची फुलं अजून यायची, सतत ओलं; मोहोळांना हे उपासाचे दिवस. तेव्हा निर्गुडी कामाला येते. जांभळट बारीक तुरे, पावसाच्या उघडिपीत त्यावर माश्या तुटून पडतात. ती फांदीवरून लागते, बांधाला माती धरते आणि जनावरं खात नाहीत. एवढे गुण असलेलं झुडूप एखाद्या कंपनीने काढलं असतं तर त्याला पेटंट मिळालं असतं. भाद्रपदापासून मग मुरमावर मजा सुरू होते: तेरडा, रानतीळ, सोनकी, कवळा, आणि त्यांच्या मागोमाग खुळखुळा. पुढे तरवड भरात येतो, कोरांटी फुलते, बोराला बारीक हिरवट फुलं येतात ज्यांचा वास माणसाला सोसवत नाही पण माश्यांना आणि गांधीलमाश्यांना भारी आवडतो. बोरापाशी थंडीच्या सुरुवातीला जेवढे प्रकारचे कीटक मी पाहिलेत तेवढे कुठल्या बागेत पाहिले नाहीत.

खुळखुळ्याचं एक सांगून पुढे जातो. फुलं संपून झाड वाळलं की आपल्या लेखी त्याचं काम संपतं. पण वाळक्या, मोडक्या खुळखुळ्याला निळसर आणि केशरी 'टायगर' फुलपाखरं लटकून काड्या खरवडताना दिसतात. ते बहुतेक नर असतात. त्या झाडातली अल्कलॉइडं शोषून त्यांतून ते मादीला भुलवणारा गंध बनवतात. म्हणजे या बाबतीत वाळलेलं झाड हिरव्यापेक्षा जास्त मोलाचं. आमचे माळीमामा मूळचे माण तालुक्यातले, त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सर, आमी ल्हानपणी त्येच्या शेंगा वाजवायचो. फुलपाखरू येतंय ते म्हाईत हुतं, पर अत्तर घ्यायला येतंय म्हनून नव्हतं म्हाईत." तेव्हापासून ते वाळलेला खुळखुळा काढायचे थांबले. समितीने विचारलं तर "सरांचं अत्तराचं दुकान हाय" असं सांगतात.

पसाऱ्यावरून मला सोसायटीत बरंच ऐकून घ्यावं लागतं. परागवाहक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोहोळ येतं, पण आपल्याकडच्या बहुतेक रानमाश्या एकेकट्या राहतात. कुणी उघड्या मातीत, भिंतीच्या पोपड्यात बीळ करते, कुणी वाळलेल्या लाकडात, कुणी पोकळ काडीत. पान कापणारी माशी गुलाबाच्या पानाला बांगडीसारखी गोल चंद्रकोर पाडून तो तुकडा घरात नेते आणि त्याची गुंडाळी करून आत अंडं घालते. गुलाबवाले मग त्यावर फवारणी करतात. या सगळ्यांना लागतं काय? थोडी उघडी, न तुडवलेली माती. एखादं वठलेलं खोड. न पेटवलेलं गवत. म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत 'अस्वच्छता' या मथळ्याखाली जे जे येतं ते. फूल लावायचं आणि घर मोडायचं, अशी आपली हरित चळवळ आहे.

आग्या मोहोळाचं तर विचारूच नका. दर हिवाळ्यात आमच्या पाण्याच्या टाकीखाली एक-दोन पोळी लागतात. त्याच समितीने, जिने पाच जूनला रोपं लावली, डिसेंबरात पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावून ती जाळून टाकायला सांगितली. भीती खोटी नाही, आग्या माणसाला जिवानिशी मारू शकतो. पण हे मोहोळ ऋतूप्रमाणे मुक्काम हलवतं; फुलोरा सरला की आपण होऊन उठून जातं. तोवर खालून ये-जा बंद ठेवली, तिथला दिवा बंद ठेवला आणि पोरांना दगड मारू दिला नाही, तर निभतं. एका वर्षी तसं निभलंही. पुढच्या वर्षी समिती बदलली.

आता लागवडीचं. कठीण जागेवर तयार रोपापेक्षा बी बरं, हा माझा ठाम ग्रह आहे. पिशवीत वाढलेल्या रोपाचं सोटमूळ तळाशी गोल वळतं आणि मुरमात उतरायचंच विसरतं. बी जागेवर पेरलं तर मूळ आधी खाली जातं, फट शोधतं. पळसाचं बी शेंगेच्या टोकाला एकच असतं आणि फार दिवस टिकत नाही. मे अखेरीस गोळा करून पहिल्या पावसात मातीत घालायचं. पुढे काही वर्षं त्याचं रोप वर फारसं दिसत नाही. एखादं पान काढतं, ते जळतं, पुन्हा काढतं, आणि सगळा जोर मुळाकडे लावतं. रोप मेलं म्हणून कोणी दुसरं लावायला खणलं की खरोखर मरतं. तरवड आणि बहावा यांचं कवच कठीण. बी पॉलिश पेपरवर जरा घासून किंवा गरम पाण्यात रात्रभर ठेवून पेरलं की उगवण चांगली होते. खुळखुळ्याच्या शेंगा वाजायला लागल्या की बी तयार. दगडाच्या आडोशाला, उताराच्या वरच्या अंगाला, दोन बोटं खोल. खत नको. खताने आधी गाजर गवत माजतं आणि देशी पोरं त्याच्याखाली गुदमरतात. फार तर उतारावर आडव्या दगडांच्या ओळी लावाव्यात, म्हणजे पाणी जरा थबकतं आणि वाहून आलेली माती त्यांच्यामागे साठते. गुरं आणि वणवा, या दोन गोष्टींकडे पाणी घालण्यापेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं. फेब्रुवारीत वाळलेल्या गवतावर कुणी बिडी टाकली की वर्षभराची सगळी अंडी, कोश, बिळं एका दुपारी जातात.

कोनोकार्पसची एक पुस्ती जोडतो, कारण दुभाजकावरच्या कठीण जागेचं नाव घेतलं की हल्ली तेच पुढे येतं. भराभर वाढतं, ऊन सोसतं, बारा महिने हिरवंगार. पण गुजरातने 2023 साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. दुभाजकासारख्या भाजून काढणाऱ्या, धुराच्या पट्ट्यात तरवड, निर्गुडी, कोरांटी तितक्याच सोशिकपणे उभी राहतात. दोनच अटी: छाटणी करणाऱ्याने त्यांना चौकोनी करू नये, आणि कंत्राटात 'सदाहरित' हा शब्द नसावा. उन्हाळ्यात पानं गाळणारं झाड मेलेलं नसतं, हे कंत्राटदाराला आणि नगरसेवकाला कोणीतरी एकदा सांगायला हवं.

तुमच्याकडे टेकडी नसेल, बांध असेल. बांध नसेल तर सोसायटीच्या कुंपणालगतची ती हातभर पट्टी असेल, जिथे काही येत नाही म्हणून फरशी टाकायचं चाललंय. फरशी थांबवा. हिवाळा सरता सरता तरवडाच्या चपट्या शेंगा तपकिरी होतात. कुठल्याही माळरानाच्या रस्त्यावर गाडी बाजूला घेऊन मूठभर तोडता येतात. मूठभरच घ्या, बाकीच्या झुडपालाच राहू द्या. कागदी पाकिटात ठेवा आणि पाऊस पडला की पेरा.